सत्ताविसावा रकाना

शेजारच्या फ्लॅटमधल्या गद्रे काकूंनी एकदा लिफ्टमध्ये ऋजुता शिरधनकरला विचारलं होतं, "तू करतेस तरी काय गं ऑफिसात?" ऋजुताने खरं ते सांगून टाकलं, "मी रकान्यांना नावं ठेवते." काकू खो खो हसल्या. "नावं ठेवायचा पगार मिळतो? आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर फुकट केलं हो हे काम!" मग लिफ्ट थांबली, काकू उतरल्या आणि ऋजुता आपल्या रिकाम्या घरात गेली. त्या दिवशी तिच्याशी झालेलं तेवढंच बोलणं.

हसण्यासारखं होतंच, पण काम खरं होतं. संगणकाच्या पोटात माहिती असते ती रकान्यांत. तिथे प्रत्येक रकान्याला एक आखूड, रुक्ष नाव असतं, यंत्राच्या सोयीचं. ज_ता, र_दा, असलं काहीतरी. तुम्ही मोबाइलवर काही विचारलंत की उत्तराचा तक्ता येतो, आणि त्या रकान्यांच्या डोक्यावर 'जन्मतारीख', 'रक्तदाब' असं माणसांच्या भाषेत लिहिलेलं असतं. ते कुणीतरी लिहावं लागतं. नाही लिहिलं तर पडद्यावर ज_ता उमटतं आणि तुमच्या कपाळाला आठ्या पडतात. पूर्वी प्रोग्रामर मंडळी हे काम जाता जाता उरकत. त्यासाठी वेगळं माणूस कोण ठेवणार? पण मग कानोसा आला.

कानोसा म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात ती भिंतीला चिकटवायची. ती बोलणं साठवत नाही, फोटो काढत नाही. पावलं, नळाचं पाणी, भांड्यांचा आवाज, दारांच्या कड्या, बोलण्यातले चढउतार, दोन वाक्यांमधली शांतता, यांची नुसती मापं घेते. एका घरातून रोज हजारो मापं. एवढी कोण वाचणार? म्हणून ती एका शिकणाऱ्या यंत्रात घालत, आणि ते यंत्र ती सगळी पिळून त्यातून चाळीसेक आकडे काढत असे. उसाच्या मोळीतून रस काढावा, तसे. कोण येत्या महिन्यात पाय घसरून पडेल, कुणाला दवाखान्यात न्यावं लागेल, हे ते आकडे डॉक्टरांच्या आधी सांगत. पण एकेक आकडा म्हणजे नेमकं काय, हे यंत्रालाही ठाऊक नव्हतं. माणसाने कधी मोजल्याच नव्हत्या अशा गोष्टी त्याने आपापल्या शोधून काढल्या होत्या, आणि डेटाबेसमध्ये त्यांना र१, र२, र३ अशी नावं देऊन ते मोकळं झालं होतं. आता 'तुमच्या आईचा र९ वाढला आहे' असं कुणाला कळवून चालतं का? माणूस घाबरून अर्धमेला होईल, नाहीतर ढुंकूनही बघणार नाही.

म्हणून मथळेकार. राज्यभरातल्या कानोशांचा कारभार बघणाऱ्या 'सांजसोबत' या संस्थेत असे चारपाच जण होते आणि ऋजुता त्यांच्यात सगळ्यात जुनी. आकडा वाढला की काय होतं, उतरला की काय होतं, हे दिवसचे दिवस बघायचं आणि मग रकान्याच्या डोक्यावर लिहायचं. मथळा तीन शब्दांच्या आत, मोबाइलच्या पडद्यावर त्याहून जास्त मावत नाही. र९ला तिने 'पायांचा भरवसा' म्हटलं होतं. र१४ला 'जिभेची चव'. लोकांना ती नावं इतकी पटली, की डॉक्टरसुद्धा तीच वापरू लागले.

मथळेकारांची एक पद्धत होती. तक्त्यातल्या माणसांची नावगावं झाकलेली असत. हजारो ओळी, पण सगळ्या अनोळखी. फक्त एक ओळ उघडी मिळायची, आपल्या स्वतःच्या नातेवाइकाची. तिला ऑफिसात 'घरची ओळ' म्हणत. मथळा ठरवून झाला की तो घरच्या ओळीवर लावून बघायचा. आपल्या ओळखीच्या माणसाला तो बसला, तर पुढे पाठवायचा. आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखतात ना, तसंच. ऋजुताची घरची ओळ म्हणजे तिचे वडील, देवरुखला एकटे राहणारे जयवंत शिरधनकर. अण्णा.

सत्ताविसावा रकाना तिच्याकडे आला तो दोन वर्षांपूर्वी. ज्यांचा आकडा मोठा, ती माणसं कुणाला फोन करून तक्रार करत नसत. आवाज चढत नसे. पावलं संथ, झोपायची वेळ ठरलेली, दारापर्यंत उगाच येरझाऱ्या नाहीत. ऋजुताने दोनचार नावं कागदावर लिहून खोडली आणि घरची ओळ उघडली. अण्णांचा आकडा अठ्ठ्याऐंशी.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारायचे. घरीही माणूस माइकवर असल्यासारखाच बोलायचा. दूधवाल्याशी वाद, शेजाऱ्याशी कुंपणाच्या गडग्यावरून वाद, ऋजुताने नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा तिच्याशी तर महाभारत. आई गेल्यावर हळूहळू ते सगळं निवलं. रविवारी ती फोन करायची. "कसे आहात अण्णा?" "बरा आहे." "काही हवंय?" "काही नको गो." ना कटकट, ना टोमणा, ना 'कधी येतेस'. तिला आपलं वाटायचं, सुटले बिचारे रागालोभातून. खरं सांगायचं तर तिला तसं वाटून घ्यायचं होतं. तिचा जीव भांड्यात पडला आणि तिने त्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं, 'स्वस्थता'.

मथळा असा काही गाजला म्हणता! मुंबई-पुण्यातली, दुबई-सिंगापूरमधली मुलं मोबाइल उघडत, 'आईची स्वस्थता नव्वद' असं वाचत आणि निश्चिंत मनाने कामाला लागत. घरच्या ग्रुपवर भाऊबहिणी एकमेकांना आकडे पाठवत. दहावीचे मार्क सांगावेत तसे लोक लग्नकार्यात आपापल्या आईबापांची स्वस्थता सांगायला लागले. घरोघरी भेटी देणाऱ्या सेविकांचा तक्ताही त्याच रकान्याने लावला जाऊ लागला. स्वस्थता कमी तो वर, जास्त तो तळाला. तळाच्या घरी जायची गरजच काय? अण्णा एव्हाना चौऱ्याण्णववर पोचले होते. त्यांचा नंबर अगदी तळाला.

दर दोन वर्षांनी मथळ्यांची फेरतपासणी व्हायची. ती करणारा संख्याशास्त्रज्ञ इर्शाद मुजावर मूळचा मिरजेचा, ऋजुताचा ऑफिसातला एकुलता एक मित्र, आणि स्वभावाने चेष्टेखोर. त्या दिवशी मात्र तो तिच्या टेबलाशी येऊन नुसताच उभा राहिला.

"काय रे, मूग गिळलेस का?"

"सत्तावीस बघायला घेतलाय," तो म्हणाला. "ऋजुता, ही माणसं बंद पडलेली वस्तू दुरुस्त करत नाहीत."

"म्हणजे?"

"पंखा बंद पडला, तर तो बंदच. मिक्सर बंद पडला, तर तो बंदच. नळ गळायला लागला, तर तो गळतोच. दाराची कडी करकरली, तर तेल नाही. दिवाळीला डब्यांचे आवाज नाहीत, कैऱ्यांच्या दिवसात लोणच्याची खटपट नाही. नव्वदच्या वर एकदा गेलं की सगळ्यांचं हेच. आणि मग एक दिवस ती जातात. आजार म्हणावा तर काही नाही. दवाखान्यात न्यावं लागत नाही, म्हणून आपल्या कुणाच्या लक्षात आलं नाही."

ऋजुताने घरची ओळ उघडली. "पण कुणाचा आकडा उतरला असेल ना परत?"

"एकाचाही नाही. उतरतो की नाही तेच कळायला मार्ग नाही. आकडा वाढला की सेविकांनी जायचं बंद केलं, मुलांनी फोन कमी केले. कुणी गेलंच नाही तिकडे." मग तो थोडा घुटमळला. "हा मथळा तू कशावरून दिला होतास?"

साऱ्या राज्यातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर तिने आपल्या बापाकडे न जाण्याचं निमित्त लिहून ठेवलं होतं. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. संचालक पारसनीस बाईंकडे ती गेली तेव्हाही तिने एवढंच सांगितलं, की मथळा चुकलाय, काढू या.

"काढून तिथे काय लिहू?" बाईंनी विचारलं. "कोरा मथळा आपल्याकडे चालत नाही, तुला माहीतच आहे. चूक आहे म्हणतेस, ठीक. बरोबर काय ते आण."

ते तिला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी ती घरी आली, डब्यातली पोळीभाजी ओट्याशी उभ्यानेच खाल्ली. तिच्या घरात कानोसा नव्हता, तो साठीच्या पुढच्यांनाच मिळायचा. असता तर त्याला नळाचं पाणी ऐकू आलं असतं, एक ताटली ठेवल्याचा आवाज आणि मग काहीच नाही. तिने रजेचा मेल पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची देवरुखची गाडी पकडली.

दुपारी ती पोचली तेव्हा अण्णा पडवीत खुर्चीवर बसले होते. हातात पेपर नाही, शेजारी रेडिओ नाही. नुसते बसले होते.

"आलीस? बरं," ते म्हणाले. दचकले नाहीत, उठले नाहीत. न कळवता कशी आलीस, किती दिवस आहेस, काही नाही. वाटेवरून जाणाऱ्या कुणाला म्हणावं तसं ते 'बरं'. मग उठून त्यांनी चहा केला, कपाला कान नव्हता तो स्वतःकडे घेतला आणि चांगला तिला दिला.

"पंखा कधीपासून बंद आहे, अण्णा?"

"असेल बरेच दिवस."

"आणि ती सेविका यायची ती?"

"यायची. गप्पिष्ट पोर होती. आता नाही येत." त्यांनी कप खाली ठेवला. "काही अडत नाही."

माणूस चिडला असता तर ऋजुताला सोपं गेलं असतं. पण घर झाडलेलं, धोतराच्या घड्या नीट, बोलणं गोड, आणि त्या गोड बोलण्याच्या पाठीमागे कुणी नाही. तिला भीती वाटली. लहानपणी त्यांच्या ओरडण्याची वाटायची त्याहून जास्त.

ऊन उतरल्यावर तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "अण्णा, हा आकडा तुमचा आहे. तुम्ही कसे आहात हे यंत्र मोजतं, पण काय मोजतं हे त्याला सांगता येत नाही. नाव मी दिलं, ते चुकलं. मला कळत नाहीये हे काय आहे. तुम्हाला काय वाटतं?"

मथळेकाराने रकान्यातल्या माणसालाच जाऊन विचारायचं, हे त्या ऑफिसात आजवर कुणी केलं नव्हतं. पद्धतच नव्हती तशी. अण्णांनी चष्मा वर सरकवून तो आकडा पाहिला. मग मोबाइल तिच्याकडे परत दिला.

"स्टँडवर गाडीला उशीर झाला की माणसं खिडकीशी येऊन भांडायची. तोंडाला येईल ते बोलायची मला. दर थोड्या वेळाने यायची. आली का, निघाली का, कुठवर आली. जीव नको करायची. आणि मग कधीतरी ती गप्प व्हायची. बाकावर जाऊन बसायची शहाण्यासारखी. नवा कंट्रोलर असला की त्याला वाटायचं, झाली बाबा शांत." ते किंचित हसले. "शांत नसायची ती. वाट बघायची सोडलेली असायची. मग गाडी आली तरी उठायला वेळ लागायचा त्यांना."

"तुम्ही कधी सोडलीत?" तिने विचारलं. विचारू नये असं वाटत असताना विचारलं.

"तारीख कशी सांगू? तू गणपतीला येणार होतीस ना, आणि मग काम निघालं तुझं. मोदकांसाठी नारळ सोलून ठेवले होते मी. पुढच्या वर्षी नाही सोलले." मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "त्रास नाही झाला गो त्याचा. उलट बरं वाटलं. हलकं."

ऋजुता रडायला लागली. हुंदके देऊन, लहान पोरीसारखी रडली. "रडू नको, पाणी पी," अण्णा म्हणाले आणि तांब्या पुढे केला, त्याच सपाट आवाजात.

तिने लॅपटॉप उघडला. मथळा बदलायचे अधिकार अजून तिच्याकडे होते. सत्ताविसाव्या रकान्याच्या डोक्यावरची 'स्वस्थता' पुसली आणि लिहिलं, 'वाट पाहणं थांबलं'. आकडे तेच, ओळी त्याच. कुणाच्या तरी आईचं नाव, त्यापुढे नव्वद, आणि वर हे तीन शब्द. तिने ते पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी इर्शादचा फोन आला. "काय केलंस काय तू? इथे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालंय. मदतीच्या लाइनी तुंबल्यात. लोक रडतायत, शिव्या देतायत, एकाने तर वकील करतो म्हणून सांगितलंय." मग आवाज उतरवून म्हणाला, "मी अम्मीला फोन लावला."

"मग?"

"ती म्हणाली, आज कसा काय फोन केलास रे, सगळं ठीक ना?"

दुपारी पारसनीस बाईंचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. "तू लिहिलंस ते खोटं आहे असं मी म्हणत नाही, ऋजुता. पण हे वाचून माणसांनी करायचं काय? नोकऱ्या सोडून सगळ्यांनी गावाला जायचं? कुणाला जमणार आहे? नुसता अपराध डोक्यावर घेऊन जगायचं का त्यांनी? मथळा पूर्ववत केलाय. तुझे अधिकार काढलेत. परत आलीस की पुढचं बोलू."

ऋजुताला बाईंचा राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं थोडं पटलंही. तिने मोबाइल पाहिला. रकान्याच्या डोक्यावर पुन्हा 'स्वस्थता' आली होती. राज्यभरातल्या लेकींनी आणि लेकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, मोबाइल खिशात ठेवला असेल. त्यांना नावं ठेवायचा तिला काय अधिकार? ती स्वतः दोन वर्षं तेच करत आली होती.

ती परत गेली नाही. रजा वाढवली, मग बिनपगारी केली. वायरमन बोलावून पंखा चालू करून घेतला. अण्णा म्हणाले, "कशाला उगाच." चष्म्याची काच बदलून आणली. "कशाला." तिने घावने केले, जुने फोटो काढले, दूधवाल्याचा विषय काढून बघितला. ते सगळ्याला 'बरं' म्हणत होते. आकडा चौऱ्याण्णव होता तो चौऱ्याण्णवच. सकाळी ती उठून आली की पडवीतून ते तिच्याकडे असे बघत, की ही आज जाईल की उद्या, त्यांना काहीच फरक पडणार नव्हता. एका घरात दोन माणसं राहत होती आणि दोघंही एकटी. हा आकडा उतरतच नसेल, असं तिच्या मनात वारंवार यायला लागलं. तरी ती राहिली. जाऊन जाणार कुठे?

असेच दिवस गेले. एकदा बँकेच्या कामासाठी तिला रत्नागिरीला जावं लागलं. येताना गाडी घाटात बंद पडली. दुसरी यायला उशीर, त्यात मोबाइलची बॅटरी संपली. स्टँडवर उतरली तेव्हा अंधारून आलं होतं. ती पाय उचलत घराकडे निघाली आणि वळणावर थबकली.

घराचं बेडं, कुंपणातलं फाटक, उघडं होतं. अण्णा बाहेर रस्त्यावर उभे होते. हातात बॅटरी, पायात काही नाही. बॅटरीचा झोत रस्त्यावर इकडे तिकडे नाचत होता, मग तिच्या तोंडावर येऊन थांबला.

"होतीस कुठे गो तू?" त्यांचा आवाज असा फुटला, की समोरच्या घराची खिडकी उघडली. "काही काळवेळ आहे की नाही? फोन लावतोय तर फोन बंद! दोन गाड्या बघून आलो मी स्टँडवर जाऊन. दोन गाड्या! तिथल्या कंट्रोलरला एक शब्द नीट सांगता येईना, गाढव कुठला! उशीर होणार तर कळवायला काय होतं? माणसाने समजायचं काय?"

"गाडी बंद पडली, अण्णा."

"गाडी बंद पडली म्हणे! आणि हे काय, दमलीस किती. दे ती पिशवी." ते सारखे तिच्या दंडाला धरून बघत होते, ती आहे ना नीट. जेवताना त्यांचा राग चालूच होता. आमटी खारट झाली होती, तीही म्हणे तिच्यामुळेच. ऋजुता ती दोनदा वाढून घेऊन जेवली.

सकाळी मोबाइलवर 'सांजसोबत'चा लाल अक्षरांतला संदेश आला होता. 'आपले वडील श्री. जयवंत शिरधनकर यांची स्वस्थता अचानक घटली आहे. कृपया त्वरित लक्ष द्यावे.' त्याखाली इर्शादचे दोन शब्द होते, 'उतरतो गं!' आणि मग आणखी एक ओळ. काल सगळ्या राज्यातून नव्वदच्या वरचा आकडा उतरला, तो फक्त एका घरातला.

बाकी सगळीकडे स्वस्थता होती.